४०४ ची गाडी रेडी होईना

४०४ देसाई: कुणाकडे जंपर केबल आहे का? नऊ दिवस कोकणात होतो, आज गाडी रेडीच होईना, म्हणजे चालूच होत नाही. डॅशबोर्डवर नवरात्रातल्या अंबाबाईच्या देवळासारखी रोषणाई. ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग, सगळे दिवे एकदम. वर ‘हायब्रीड सिस्टीम तपासा’ असा मेसेज.

२०१ पाटील: धक्का मारूया की. तालमीतली चार पोरं बोलावतो.

४०४ देसाई: दादा, हायब्रीड हाय. धक्क्यावर होत नाही.

सेक्रेटरी: म्हणजे चार्जिंगचीच ना? सोसायटीच्या मीटरवर लावत असाल तर आधी लेखी परवानगी घ्या. कॉमन लाईट बिल वाढलंय.

४०४ देसाई: सर, हिला प्लगच नाही. पेट्रोल घालतो, बॅटरी ती चालता चालता स्वतःच भरून घेते. बिल पाण्याच्या मोटारीचं बघा.

४०४ देसाई: एका गॅरेजवाल्याला फोन केला. गाडी न बघताच म्हणाला, हायब्रीड बॅटरी गेली, लाखाच्या पुढं तयारी ठेवा.

५०२ शिंदे काका: अरं थांब. लाख कुठं घालवतोस? नऊ दिवस उभी होती म्हणतोस, मग पहिल्यांदा बारा व्होल्टची बघायची. तुझ्या गाडीत दोन बॅटऱ्या हायत. मोठी दोनशेच्या आसपास व्होल्टची, गाडी ओढणारी. इंजिन फिरवायचं काम पण तीच करते. पण तिला जोडणारा स्विच, म्हणजे रिले, ओढायचा आणि कॉम्प्युटर जागा करायचा करंट येतो छोटीकडनं. छोटी बसली की कॉम्प्युटर अर्धपोटी, मग तो दिसेल तो दिवा लावत सुटतो. सगळे दिवे एकदम लागले की मला उलट बरं वाटतं. मोठी सहसा अशी अचानक जात नाही. आधी ॲव्हरेज पडतं, पंखा ओरडतो, चार्जच्या कांड्या उगाच वरखाली होतात. बटण दाबल्यावर टकटक येतंय काय?

४०४ देसाई: येतंय. रिमोट पण चालेना, आतली लोखंडी चावी काढून दार उघडलं.

५०२ शिंदे काका: मग तीच. मीटर घेऊन येतो खाली. नारंगी वायरीला हात लावू नकोस, त्यात मोठीचा करंट असतो.

४०४ देसाई: झालं काम! मीटरवर १०.८ व्होल्ट आले. उभ्या गाडीत चांगली बॅटरी १२.६ दाखवते. बॅटरी डिकीत आहे, पण बॉनेटखाली फ्यूज बॉक्समध्ये लाल टोपणाखाली जंपसाठी टोक दिलंय, चार वर्षांत मी बघितलंच नव्हतं. लाल चिमटा तिथं, काळा इंजिनच्या उघड्या लोखंडावर. पाटील दादांच्या गाडीवरून एका झटक्यात रेडी, आणि मीटर १४.१ वर. म्हणजे मोठीनं छोटीला भरायला घेतलं. दिवे सगळे गेले.

५०२ शिंदे काका: तासभर रेडीतच ठेव, पण गाडी उघड्यावर काढ. इंजिन मधेच आपोआप चालू होतं, बेसमेंटमध्ये धूर कोंडेल. आणि चिमटे लावताना लाल-काळा उलटा झाला तर मोठा फ्यूज उडतो, सगळ्यांनी ध्यानात ठेवा.

२०१ पाटील: आता माझी बसली की तुझ्या गाडीवरून स्टार्ट घेणार.

५०२ शिंदे काका: नाही जमायचं. तुझ्या डिझेलचा स्टार्टर शेकड्यानं अँपिअर ओढतो, हिची छोटी कॉम्प्युटर उठवण्यापुरती. घेणं चालतं, देणं नाही. तुझ्या उसनवारीसारखं.

३०३ जोशी वहिनी: पण उतरली कशानं?

४०४ देसाई: डॅशकॅम. पार्किंगमध्ये कुणीतरी ओरखडा काढला म्हणून बसवला होता, चोवीस तास चालू. बॅटरी उतरायला लागली की कॅमेरा बंद करणारा कट-ऑफ न लावता बसवणाऱ्यानं थेट वायर जोडली. गाडी बंद असताना ०.२ अँपिअर ओढतोय. दिवसाला ४.८ अँपिअर-तास, नऊ दिवसांत ४३. बॅटरी ४५ ची. वायर काढून टाकली.

३०३ जोशी वहिनी: काका, आमची पण हायब्रीड आहे. आंबा घाट चढताना मागच्या सीटजवळ घुंई आवाज येतो.

५०२ शिंदे काका: तुमचा कुत्रा मागच्या सीटवरच बसतो ना? सीटजवळ बारीक जाळी असेल, मोठ्या बॅटरीला हवा तिथनं जाते. केसांनी चोंदली की बॅटरी तापते आणि पंखा जोरात पळतो. व्हॅक्युम मारा. कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड मात्र एकदा तपासून घ्या.

सेक्रेटरी: राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांकडं, म्हणजे इशारा पातळीकडं चाललीय. २०१९ आणि २०२१ चे पूर आठवा, आणि बेसमेंटमधल्या सगळ्या गाड्या संध्याकाळपर्यंत वर काढा.

५०२ शिंदे काका: हायब्रीडवाल्यांनी जास्तच. पाणी आत शिरलंच तर बटण दाबून बघायचं नाही, गाडी उचलूनच न्यायची. पुढची चाकं रस्त्यावर ठेवून ओढायची नाही, चाकांबरोबर आतली मोटर फिरते.

२०१ पाटील: ते ठीक. ओरखडा कुणी काढला, सापडलं काय कॅमेऱ्यात?

४०४ देसाई: नाही. नऊ दिवस बॉनेटवर १०३ चा बोका झोपलाय.

१०३ माने मावशी: तिथं होय! आम्ही रात्री टेरेसवर जाऊन हाका मारतोय त्याला.