हायब्रिडची छोटी बॅटरी पुन्हा पुन्हा बसते : दर वेळी नवी घ्यायची का?

पडवीतला
गेल्या सोमवारी चिपळूणला रेल्वेतून उतरलो, एसटीने गुहागर गाठलं, तिथून रिक्षाने घर. पडवीला लागून उभी असलेली आमची हायब्रिड, म्हणजे पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालणारी गाडी, काही केल्या उघडेना. रिमोटमधला सेल गेला असेल म्हणून किल्लीतलं लोखंडी पातं काढून दार उघडलं. बटण दाबलं तर डॅशबोर्डवर दिवाळीच्या माळेसारखे दिवे लुकलुकले, कुठूनतरी टकटक आवाज आला आणि मग काही नाही.

हे तिसऱ्यांदा. पहिल्यांदा गाडी २२ दिवस उभी होती, दुसऱ्यांदा १७. तेव्हा वॉरंटीत नवी बॅटरी मिळाली. आता ती नवीसुद्धा २० दिवसांत झोपली. सर्व्हिस सेंटरचं म्हणणं, "काका, बॅटरी वीक झाली, बदलून टाका." आणि या खेपेला वॉरंटी नाही, कारण बॅटरी पूर्ण उतरू देणं हा म्हणे आमचा निष्काळजीपणा.

हायब्रिडमध्ये दोन बॅटऱ्या असतात हे पुष्कळांना ठाऊक नसतं. चाकं फिरवणारी मोठी बॅटरी वेगळी. ती तीन महिने उभी राहूनही ठणठणीत असू शकते. पण तिला गाडीशी जोडणारे रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, ओढून धरायला, कॉम्प्युटर जागे करायला आणि दारांची कुलपं उघडायला लागते ती साधी बारा व्होल्टची. ती बसली की मोठी बॅटरी भरलेली असून उपयोग शून्य. कणगी भरलेली आणि कुलपाची किल्ली विहिरीत.

माझं मत असं, की बॅटरी इथे गुन्हेगार नाही, तिचाच बळी जातोय. कोण खातंय ते शोधल्याशिवाय मी तिसरी बॅटरी घेणार नाही. पटत नसेल तर सांगा.

शंकासुर
नाही पटत. शोधायचं काय त्यात? गाडीच चुकीची घेतलीत. माझी १४ वर्षांची डिझेल शिमग्याला लावली तर गणपतीला सुरू होते. नाहीच झाली तर उतारावरून सोडायची, दुसऱ्या गिअरात क्लच सोडायचा. तुमच्या हायब्रिडला धक्का मारून बघा की!

कोकणात गाडी उभीच असते हो. चाकरमानी येणार वर्षातून चार वेळा. ही पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकची गाडी, आमच्या आंबेराईत तिचं काय काम?

घाटावरचा
धक्का मारून हायब्रिड सुरू होत नाही हे खरं, कारण क्लचच नाही. बाकी तुलना अर्धीच केलीत. डिझेलच्या स्टार्टरला इंजिन फिरवायला शेकडो अँपिअर लागतात. फुल हायब्रिडमध्ये, म्हणजे जी नुसत्या मोटरवरही चालू शकते तिच्यात, इंजिन फिरवायचं काम मोठी बॅटरी आणि मोटर करतात, छोटीने फक्त कॉम्प्युटर आणि रिले उठवायचे. ज्या अर्धमेल्या बॅटरीवर तुमची डिझेल नुसती 'टक' करेल, त्यावर हायब्रिड आरामात 'रेडी', म्हणजे निघायला तयार, होते.

खरी गोम इथेच आहे. डिझेल आधी सांगते. सकाळी स्टार्टर रडत रडत फिरला की माणूस ओळखतो, बॅटरी आता आठवड्याची सोबती. हायब्रिड शेवटच्या दिवसापर्यंत काही बोलत नाही. काल व्यवस्थित, आज मेलेली. म्हणून लोकांना वाटतं की बॅटरी अचानक गेली. ती महिनोन् महिने जात होती.

पडवीतल्या काका, तुमचा आकडा मांडतो. अशा गाड्यांत छोटी बॅटरी साधारण ३५ ते ४५ अँपिअर-अवरची असते, म्हणजे एक अँपिअर दिला तर तेवढे तास पुरेल अशी. ४५ धरा. २० दिवसांत संपली म्हणजे दिवसाला सव्वादोन, म्हणजे सतत ९०-९५ मिलिअँपिअर. झोपलेल्या गाडीने २० ते ५० खावेत. करंट मोजायचा मीटर लावा.

नदीकाठची
मी चिपळूणची, माझीही हायब्रिडच. दोनदा बसली. दोन्ही वेळा चूक माझी होती, हे कबूल करायला मला एक वर्ष लागलं.

मुलाच्या क्लासबाहेर पाऊण तास थांबायचं. गाडीचा आवाज नको म्हणून ब्रेकवर पाय न ठेवता बटण दाबायचं आणि गाणी ऐकत बसायचं. 'रेडी'चा दिवा लागलेला नसेल तर ते सगळं छोट्या बॅटरीवर चालतं. हायब्रिडमध्ये इंजिनावर फिरून बॅटरी भरणारा अल्टरनेटर नसतो, मोठ्या बॅटरीतून कन्व्हर्टर छोटीला भरतो आणि तेही 'रेडी' असेल तेव्हाच. मग घर चार किलोमीटरवर. पाऊण तासाचा खर्च आठ मिनिटांत कसा भरून निघणार?

आता थांबायचं असेल तर 'रेडी'तच थांबते, गिअर 'पी'मध्ये. मध्येच इंजिन आपोआप सुरू होतं, होऊ दे. (म्हणूनच बंद शेडमध्ये असं कधीही करू नका, धूर कोंडतो.) गाडीला आणि कंपनीला दोष देण्याआधी आपल्या सवयी बघाव्यात, एवढंच म्हणते.

कुंपणाबाहेरचा
ताई, तुमचा प्रामाणिकपणा मान्य, पण मला या सुराचाच राग येतो. वीस लाखांची गाडी घ्यायची आणि वर मालकाने मिलिअँपिअर मोजायचे? कंपनीला ठाऊक आहे की बॅटरी लहान आहे, गाडी झोपेतही खाते आणि चालक बटण दाबून बसणारच. तरी छोटी बॅटरी उतरत आल्याचा इशारा गाडी देत नाही. म्यान्युअलच्या कुठल्यातरी पानावर बारीक अक्षरात लिहिलं की हात वर.

आणि हे जमत नाही असंही नाही. ह्युंदाईने २०१६ सालच्या आयोनिक हायब्रिडमध्ये बारा व्होल्टची बॅटरी लिथियमची करून मोठीच्या पेटीतच बसवली. फार उतरायला लागली की ती स्वतःला तोडून घेते, थोडं राखून ठेवते. डॅशबोर्डवर बटण दिलंय, ते दाबलं की पुन्हा जोडली जाते आणि गाडी सुरू करता येते. म्हणजे इच्छा असेल तर मार्ग होता. इतरांनी स्वस्तातलं शिसं घातलं आणि आता काकांना निष्काळजी म्हणतात.

गॅरेजवाला कुडाळ
मी रोज हात काळे करतो, म्हणून थोडं रोखठोक. मीटर, लिथियम, सगळं बरोबर. पण आमच्याकडे 'बॅटरी बसते' म्हणून येणाऱ्या गाड्यांत बऱ्याच वेळा बॅटरीही चांगली असते आणि गाडीही. खारी हवा! टर्मिनलला पांढरा-हिरवा थर धरतो, बॉडीला जाते ती अर्थिंगची पट्टी बोल्टाखाली कुजते. चार्जिंग पोचतच नाही. मालवण-वेंगुर्ल्याकडच्या किनाऱ्यावरच्या गाड्यांची तर विचारू नका. गरम पाणी, खायचा सोडा, जुना टूथब्रश, कोरडं झालं की पेट्रोलियम जेली. हे करताना आधी मायनस सुटा करायचा, जोडताना शेवटी मायनस.

पंधरा दिवसांच्या वर गाडी ठेवायची असेल तर मायनस काढून ठेवा आणि निर्धास्त जा. फुकटात काम. घड्याळ आणि काचांचं सेटिंग पुन्हा करावं लागेल, तेवढंच.

दर्यावर्दी
मायनस काढायचा सल्ला सरसकट देऊ नका, दादा. काही हायब्रिडमध्ये ही बॅटरी डिकीत असते आणि डिकी विजेवर उघडते. मायनस काढून डिकी आपटली की परत उघडायला आतून सीट पाडून रांगत जायचं. मी गेलोय. ५८व्या वर्षी. शिवाय अलार्मही बंद होतो.

जहाजावर आम्ही इमर्जन्सी जनरेटरच्या बॅटऱ्या कधी उपाशी ठेवत नाही, कायम चार्जरवर. घरीही तेच. स्मार्ट चार्जर मिळतो, भरली की आपोआप करंट कमी करून नुसती राखत बसतो. शिशाच्या बॅटरीला उतरलेल्या अवस्थेत पडून राहणं हाच खरा रोग, प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात. एकदा पूर्ण बसली की ती पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. काकांची पहिली २२ वरून १७ दिवसांवर आली ना, ते त्यामुळेच. फक्त चार्जर एजीएम (शिशाचीच, पण सीलबंद) बॅटरीला चालणारा आहे का ते बघून घ्या, डिकीत बहुधा तीच असते.

शंकासुर
चार्जर! आणि लाईट? ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या दापोलीकडे गावंच्या गावं कित्येक दिवस अंधारात होती. साध्या पावसाळ्यातही वाऱ्याने फांदी पडली की दोन दिवस गेले. त्यात बंद घरात महिनाभर प्लग लावून जायचं? माझी बायको फ्रीजसुद्धा काढून जाते.

दर्यावर्दी
दोन दिवस लाईट गेल्याने बॅटरी मरत नाही, आल्यावर चार्जर पुन्हा भरतो. बंद घराचा मुद्दा मात्र मान्य. छपरावर छोटं सोलर पॅनेल हाही मार्ग आहे.

पडवीतला
सोलर करून बघितलं. वर फणस आहे. जून ते सप्टेंबर आकाशही आमच्या बाजूचं नसतं. आणि वायर उंदरांनी खाल्ली.

मालवणी मसालो
वायच हसान घेतंय हां. गाडी म्हणजे काय म्हस आसा दावणीक बांधून ठेवूक? म्हशीक पण रोज फिरवूक लागता! शेजारच्या झिलाक चावी देवा, आठवड्यान एकदा तास-दीड तास फिरवान आणूदे. आमचो शेजारी तसोच करता. पेट्रोल जाता, पण बॅटरी गावता.

घाटावरचा
मसालोंचा उपाय गमतीचा वाटला तरी बरोबर आहे, 'तास-दीड तास' हे महत्त्वाचं. दहा मिनिटं सुरू करून बंद करण्याने काही होत नाही. शिशाची बॅटरी शेवटचा हिस्सा फार सावकाश घेते. 'रेडी' असताना टर्मिनलवर १४च्या आसपास व्होल्ट दिसले म्हणजे कन्व्हर्टर ठीक. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी.

काका, मीटरचं काय झालं? लावताना दोन गोष्टी पाळा. बॉनेट उघडं ठेवून त्याचा लॅच स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत ढकला, म्हणजे गाडीला ते बंदच वाटेल. मग तासभर हात लावू नका, कॉम्प्युटर झोपायला वेळ घेतात. आणि मीटर बॅटरी आणि गाडीच्या मधे जोडलेला असताना चुकूनही बटण दाबायचं नाही, मीटरचा फ्यूज उडेल.

पडवीतला
काल लावला. गुहागरहून एका वायरमनला बोलावलं, तो हायब्रिड म्हटल्यावर आधी घाबरला. मोठ्या बॅटरीच्या नारिंगी वायरींना हात लावायचा नाही, आपलं काम फक्त छोट्या बॅटरीशी, असं दोनदा सांगितलं तेव्हा बसला.

तासाभराने आकडा ८८ ते ९७ मिलिअँपिअरच्या मध्ये खेळत होता. घाटावरचे, नमस्कार तुम्हाला.

मग एकेक काढत गेलो. पहिला सापडला जीपीएस ट्रॅकर. भाच्याने हौसेने बसवून दिलेला, "मामा, गाडी कुठे आहे ते डोंबिवलीत बसून दिसेल." गाडी २० दिवस एकाच जागी आहे एवढंच मला तो दाखवत होता. तो काढला तर ५२. दुसरी गोष्ट मला सुचली नसती, ती बायकोने बघितली. जादा किल्ली पडवीतल्या खुंटीवर असते, शेजाऱ्यांना सापडावी म्हणून. खुंटी ते गाडीचं दार, मधे भिंत आणि हातभर जागा. गाडी आणि किल्ली रात्रंदिवस एकमेकींशी बोलत होत्या. किल्ली आतल्या खोलीत नेली, आकडा ३१वर आला.

शंकासुर
म्हणजे गाडी निर्दोष, भाचा आणि खुंटी दोषी? मी आपला शब्द मागे घेत नाही. माझ्या डिझेलची किल्ली खुंटीवर गप्प टांगून असते.

कुंपणाबाहेरचा
आणि मीही. सर्व्हिस सेंटरने तीन वेळा गाडी पाहिली. एकदाही मीटर लावला नाही, एकदाही विचारलं नाही की बाहेरून काय बसवलंय, किल्ली कुठे ठेवता. गावच्या वायरमनने एका दुपारीत शोधलं. निष्काळजी कोण?

गॅरेजवाला कुडाळ
तासभर गाडी अडकवून ठेवायची तर बिल कुणाच्या नावावर फाडायचं, हा त्यांचा प्रश्न असतो. बॅटरी बदलली की बिल होतं. मी समर्थन करत नाही, कसं चालतं ते सांगतोय.

नदीकाठची
काका, काही गाड्यांच्या किल्लीलाही झोपवता येतं. माझ्या टोयोटाच्या किल्लीवर लॉक दाबून धरून अनलॉक दोनदा दाबलं की किल्लीचा दिवा चार वेळा लुकलुकतो आणि ती बोलायची थांबते. तुमच्या म्यान्युअलमध्ये बघा. (हो, बारीक अक्षरात.)

घाटावरचा
३१ छान आहे, पण हिशोब संपलेला नाही. ३१ने २८ दिवसांत जवळपास २१ अँपिअर-अवर जातात. ४५मधले २१ म्हणजे निम्मी. शिवाय तुमची बॅटरी एकदा पूर्ण बसून उठलीय, तिच्यात ४५ उरलेत असं धरू नका. उन्हाळ्यात ती आपली आपणही लवकर उतरते. तीन आठवडे ठीक, पाचवा आठवडा म्हणजे पुन्हा जुगार.

पडवीतला
तेच घरी बोलणं चाललंय. मायनस काढायला माझी ना नाही, आमची बॅटरी बॉनेटखालीच आहे. पण बायकोला मसालोंचा उपाय पसंत आहे आणि शेजारचा मुलगा तर कालपासून दोनदा येऊन गाडीला फेरी मारून गेलाय, नुसती बाहेरून. त्याचं लायसन्स अजून कोरं आहे ही माझी अडचण.

बॅटरी रात्रभर चार्जरवर लावली होती, सकाळी १२.५ दाखवत होती. नवी घेतलेली नाही. रविवारी परतीची गाडी आहे, तोवर ठरवतो. ट्रॅकर भाच्याला परत पाठवलाय, त्याने विचारलं, "मग आता गाडी कुठे आहे ते कसं कळणार?"