मदत हवी आहे : उजनीवर पीएचडी झाली, आता पोस्टडॉक कुठे शोधू?

नमस्कार मंडळी,

दीड वर्षापूर्वी पीएचडी संपली. विषय होता उजनी जलाशयातला फॉस्फरस आणि नीलहरित शेवाळ. तीन वर्षं दर पंधरवड्याला भिगवणच्या बाजूने होडीतून जायचं, पाणी किती नितळ ते पाहायला सेक्ची चकती सोडायची, बाटल्या बर्फाच्या खोक्यात भरायच्या आणि रात्रीपर्यंत पुण्याची प्रयोगशाळा गाठायची. काम मनापासून आवडलं. आता परदेशात पोस्टडॉक (पीएचडीनंतरची संशोधनाची जागा) शोधतेय आणि अडकलेय.

जाहिराती सगळ्या एका साच्यातल्या. 'आर' किंवा पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषा हव्यात, दर दहा मिनिटांनी मोजणाऱ्या सेन्सरची आकडेवारी हाताळता यायला हवी, मॉडेलिंग हवं. माझं सगळं एक्सेलमध्ये. अकरा प्राध्यापकांना मेल केल्या, उत्तरं दोन, त्यातलं एक 'रजेवर आहे' असं आपोआप आलेलं.

पण खरी अडचण वेगळी आहे. तिकडची सरोवरं नैसर्गिक. हिवाळ्यात वर बर्फ, उन्हाळ्यात पाण्याचे थर, सगळं वेळापत्रकानुसार. माझी उजनी मे-जूनमध्ये मायनसमध्ये. (सोलापूरच्या बाहेरच्यांसाठी: एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला ६३ मृतसाठा. मायनस म्हणजे पाणी मृतसाठ्याच्याही खाली गेलेलं, कोरडं नव्हे.) एका ऑनलाइन मुलाखतीत विचारलं, तुमच्या जलाशयाची सरासरी खोली किती? मी म्हटलं, कुठल्या महिन्यातली? समोरचे हसले, पण पुढे काही कळवलं नाही.

हा चढउतार अर्जात कमी लेखावा की तोच पुढे करावा? आणि फेलोशिप जर्मनीची हुम्बोल्ट बरी की युरोपीय संघाची मारी क्यूरी? वय ३४, मुलगी चार वर्षांची, नवरा यायला तयार आहे. लोणार सुचवू नका, प्लीज. २०२० मध्ये ते गुलाबी झाल्यापासून प्रत्येक नातेवाईक तेच सुचवतो.

– काठावरची

*

काठावरची, 'लेक' (सरोवर) या शब्दामागे धावू नका, धरणांवर काम करणारे गट शोधा. जर्मनीत माग्डेबुर्गला यूएफझेड या पर्यावरण संशोधन केंद्राचा सरोवर-संशोधन विभाग आहे, त्यांचं हार्त्झ डोंगरातल्या रापबोडे धरणावर सततचं मोजमाप चालतं. चेकियात चेस्के बुदेयोवित्सेची जलजीवशास्त्र संस्था रझिमोव्ह धरणावर कित्येक दशकं नमुने घेतेय. या लोकांना 'कुठल्या महिन्यातली?' हा प्रश्न लगेच कळेल.

अर्जात 'फॉस्फरसमुळे शेवाळ वाढतं' असं लिहिलं असेल तर खोडा. ते कॅनडात १९७३ सालीच दाखवून झालंय. ऑन्टारिओतल्या २२६ क्रमांकाच्या तलावात मधोमध पडदा लावला, दोन्हीकडे कार्बन-नायट्रोजन घातलं, फॉस्फरस एकाच बाजूला. हिरवी झाली ती तीच बाजू. तुमच्याकडे नवं काय असेल तर गाळपेर. पाणी उतरलं की त्या जमिनीत पीक घेतात, खत पडतं, आणि पावसाळ्यात तीच जमीन पुन्हा बुडते. त्या मातीतून किती फॉस्फरस पाण्यात येतो, यावर एक पानाचा प्रस्ताव लिहा आणि मग मेल करा. नुसता बायोडाटा कोणी उघडत नाही.

– हार्त्झकर

*

हुम्बोल्टला वर्षभरात कधीही अर्ज करता येतो, पण पीएचडीला चार वर्षं उलटायच्या आत. यजमान, म्हणजे तिथला बोलावणारा प्राध्यापक, आधी हवाच. मारी क्यूरीची मुदत साधारण सप्टेंबरात असते, आणि मुदतीआधीच्या ३६ महिन्यांत, जिथे जायचं त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही; तुम्हाला ती अट आडवी येणार नाही. दोन्हींचा प्रस्ताव एकाच यजमानाबरोबर लिहिता येतो, मी तसंच केलं होतं. भारतातली राष्ट्रीय पोस्टडॉक फेलोशिपही सोडू नका. वयोमर्यादा ३५ असली तरी महिलांना पाच वर्षांची सवलत आहे.

मॉडेलिंगचा बाऊ नको. जनरल लेक मॉडेल फुकट मिळतं. हवामान, येणारं पाणी, सोडलेलं पाणी दिलं की पातळी आणि तापमानाचे थर काढून देतं. दोन महिने देऊन उजनीवरच चालवा.

– पाणवठा

*

दोघांचे खूप आभार. गाळपेरीतल्या मातीचे नमुने आहेत माझ्याकडे! गाईडनी 'विषयाबाहेरचं' म्हणून प्रबंधातून काढायला लावले होते. धरणाची दहा वर्षांची रोजची पातळीही आहे. पीडीएफवरून हाताने टाइप केलीय, हसू नका. पाणवठा, सोडलेल्या पाण्यात कालवा, बोगदा आणि नदी वेगवेगळे द्यायचे की एकत्र?

– काठावरची