व्हायकिंग काळातली लढणारी बाई आणि जादू: एकाच नायिकेत दोन्ही घातलं तर चालंल का?

मांजराकाठची
नमस्कार मंडळी. मी लातूरची, दोन वर्षांपासनं एक कादंबरी लिहायलेय, फँटसी आहे पण काळ खरा व्हायकिंगांचा, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वीच्या उत्तर युरोपातल्या दर्यावर्दी लोकांचा. नायिका तलवार पण चालवते आणि जादू पण करते. ८० पानं झाली म्हणून मैत्रिणीला वाचायला दिली तर ती म्हन्ली, अगं हिनं बोट केलं की वीज पडायली, मग हिला तलवार कशाला पाहिजे? लै लागलं मनाला पण खरंच आहे तिचं. तर विचारायचं असं की त्या बायका खरंच लढायच्या का, आणि त्यांची जादू म्हणजे नेमकं काय असायचं, मंत्र, काढा, अंगात येणं, का अजून काही? शिंगाचं शिरस्त्राण कुणाला घातलेलं नाही, ते ऑपेरावाल्यांनी काढलेलं खूळ आहे एवढं मला माहितीय :)

उकिरडा_उकरणारा
ताई, लढायच्या का याचं उत्तर एका कबरीवर येऊन अडकतं. स्वीडनमधी बिर्का म्हणून व्यापारी गाव होतं, तिथं १८७८ साली याल्मार स्टोल्पे या माणसानं एक कबर उकरली, नंबर ५८१. आत तलवार, कुऱ्हाड, भाले, बाण, दोन ढाली, दोन घोडे आणि मांडीपाशी पटावरच्या सोंगट्या. एवढी हत्यारं बघून सगळे धरून चालले की हा सरदारच, आणि शंभर-सव्वाशे वर्षं पुस्तकात तेच छापत राहिले. २०१७ ला डीएनए तपासला तर बाई निघाली! मग भांडणं सुरू, हाडं बदलली असतील, हत्यारं नवऱ्याची असतील वगैरे. गंमत बघा, गडी होता तोवर हत्यारं कुणाची हे कुणीच विचारलं नव्हतं. पण दुसरी बाजू पण सांगतो, त्या हाडांवर लढाईतल्या जखमेची एकही खूण सापडलेली नाही. म्हणून एका कबरीवरून बायकांची पलटण उभी करू नका, पण तुमची एकटी नायिका बिनधास्त उभी करा. आणि हो, सोंगट्या सोडू नका, पट मांडून डाव आखणारी बाई नुसती तलवार फिरवणारीपेक्षा जास्त भारी वाटंल.

आराधणीची_नात
मला हत्यारातलं काही कळत नाही पण जादूचं सांगते. एरिक द रेडच्या सागामधी (सागा म्हणजे आइसलँडवाल्यांची जुनी लांबलचक गोष्ट) ग्रीनलँडचा एक प्रसंग आहे. दुष्काळ पडलाय, शिकारीला गेलेले रिकाम्या हातानं परत यायलेत, काही तर आलेच नाहीत, म्हणून गावातला मोठा शेतकरी थोरब्योर्ग नावाच्या बाईला घरी बोलावतो. अशा बाईला वोल्वा म्हणतात, म्हणजे काठीवाली. तिचा थाट ऐका, खडे लावलेला झगा, काळ्या कोकराच्या कातड्याची टोपी त्याला आतून पांढऱ्या मांजराचं कातडं, हातात पितळ मढवलेली काठी. बसायला कोंबडीच्या पिसांची उशी, खायला शेळीच्या दुधाची खीर आणि जितकी जनावरं गावात तितक्यांची काळजं शिजवून. ती लगेच काही सांगत नाही, खाऊन पिऊन झोपते आणि दुसऱ्या दिवशी म्हणते की मला अमुक गाणं येणारी बाई पाहिजे, ते म्हटल्याशिवाय आत्मे यायचे नाहीत. ते गाणं फक्त गुड्रिड नावाच्या पोरीला येतं, सांभाळलेल्या आईनं शिकवलेलं, पण ती ख्रिश्चन झालीय, नाही म्हणते. शेवटी सगळे गळ घालतात तेव्हा म्हणते, आणि इतकं गोड म्हणते की पूर्वी पाठ फिरवून गेलेले आत्मे ऐकायला गोळा होतात असं वोल्वा स्वतः सांगते.

हे वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला हो, कारण माझी आज्जी तुळजापूरची आराधीण, कवड्याची माळ, परडी, पोत सगळं होतं तिच्याकडं, आणि ती म्हणायची बायकांनी गाणं धरल्याबिगर वारं येत नसतं. तुमच्या मैत्रिणीचं म्हणणं इथंच बसतंय बघा, ही जादू एकटीच्या बोटातनं निघत नाही, त्याला भुकेलं गाव लागतं, मान लागतो आणि गाणारी दुसरी लागते, ती नाही म्हन्ली तर सगळं ठप्प.

अजून एक, याला ते सेइद म्हणायचे आणि गड्यानं ते करणं म्हणजे अब्रू जाणं. खुद्द ओडिन, म्हणजे त्यांचा सगळ्यात मोठा देव, ते करायचा तर लोकी नावाचा खोडकर देव त्याला भर मेजवानीत त्यावरून हिणवतो. आपल्याकडं साडी नेसलेल्या जोगत्याच्या पाया पण पडतात आणि पाठीमागं हसतात पण, तसंच काहीतरी.

उकिरडा_उकरणारा
वा, मस्त सांगितलंत. फक्त ध्यानात ठेवा, हे सागे १३व्या शतकात लिहिलेत, आइसलँड ख्रिश्चन होऊन दोनेकशे वर्षं झाल्यावर, म्हणजे मांजराच्या कातड्यात लिहिणाऱ्याचा मसाला किती कुणास ठाऊक. पण काठ्या खऱ्या सापडल्यात कबरीत. आणि डेन्मार्कला फिरकाटच्या एका बाईच्या कबरीत खुरासानी ओव्याच्या बिया निघाल्या, धोतऱ्याच्या कुळातलं विषारी झाड ते, जास्त झालं की भ्रम होतो. प्रयोग करू नका कुणी.

धोटा_पैठण
आमच्या घरात मागच चालतो म्हणून माझं डोकं तिकडंच जातं. त्यांचा माग आपल्यासारखा खड्ड्यात पाय सोडून बसायचा नाही, भिंतीला टेकवलेला उभा, ताणा वरून लोंबतो आणि खाली ओढ राहावी म्हणून दगडं बांधायचे. बाणा घट्ट बसवायला जे ठोकायचे ते लोखंडाचं नाहीतर व्हेलच्या हाडाचं, दिसायला अगदी तलवार. म्हणजे ज्या बाईनं कधी लढाई बघितली नाही तिच्या पण हातात रोज तलवार होतीच की.

आणि न्यालच्या सागामधी १०१४ च्या आयर्लंडमधल्या क्लॉन्टार्फच्या लढाईदिवशी स्कॉटलंडात एक माणूस खिडकीतनं बघतो तर बारा बायका विणायल्यात, ताणा माणसाच्या आतड्यांचा, दगडाच्या जागी मुंडकी, ठोकायला तलवारी, आणि गाणं म्हणत म्हणत कोण मरणार ते ठरवायल्यात. विणून झाल्यावर कापड टराटरा फाडतात, आपापला तुकडा घेतात, सहाजणी दक्षिणेला आणि सहाजणी उत्तरेला घोड्यावर निघून जातात. ताई, तुमची तलवार आणि जादू एकत्र पाहिजे ना, ती मागावर एकत्रच आहे. (महिना दीड महिना खपून विणलेलं फाडायचं म्हणजे आमच्यासाठी ती आतड्यांपेक्षा भयानक गोष्ट.)

मांजराकाठची
धोटा दादा, कंसातलं वाचून हसले पण आणि वीज पाडायचं प्रकरण आत्ताच काढून टाकलं. आता असं करायलेय, नायिकेला फक्त तलवार येते, आणि गाणं येतं ते तिच्या सवतीला, दोघींचं बोलणं बंद आहे आणि गावात दुष्काळ. एकच अडलंय, वोल्वाला मराठीत काय म्हणू? चेटकीण म्हटलं की झाडूच दिसतो.

आराधणीची_नात
चेटकीण नकोच, चेटकिणीला कुणी पिसांची उशी देत नसतं. काठीवालीच ठेवा. आणि सवत आधी नाही म्हणू द्या बरं का, चांगली दोन प्रकरणं.