नेटडेटामधला एनडीसुडोचा बग 'लोकल' आहे, मग अपडेटची घाई करायची का?

लॉगवाचक:
सर्व्हरवर नेटडेटा (मशीनवर नजर ठेवणारं मॉनिटरिंग सॉफ्टवेअर) १.४५.० आहे. ऑडिटवाल्याने सीव्हीई-२०२४-३२०१९ वर (एनडीसुडोच्या या बगचा जाहीर नोंद क्रमांक) बोट ठेवून लाल शेरा मारलाय. वाचलं तर 'लोकल' लिहिलंय, म्हणजे माणूस आधीच मशीनवर हवा, आणि तो आत आलाच असेल तर अजून काय बिघडायचं राहिलं? डॅशबोर्ड बाहेरून उघडा नाहीये. पुढच्या महिन्याच्या मेंटेनन्समध्ये केलं तर चालेल ना?

रात्रपाळी:
नका थांबू. आत येणं वेगळं आणि रूट, म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी युजर, होणं वेगळं. नेटडेटा स्वतः साध्या युजरने चालतो, पण एनव्हीएमई डिस्कची (वेगवान एसएसडी) तब्येत किंवा रेड कंट्रोलरची (अनेक डिस्क एकत्र चालवणारं कार्ड) माहिती काढायला रूट लागतो, म्हणून एनडीसुडो हा छोटा प्रोग्राम रूटच्या मालकीचा, सेटयूआयडी बिट लावून ठेवलाय, म्हणजे चालवणारा कुणीही असो, तो रूट म्हणूनच चालतो. ठरलेल्या मोजक्याच कमांड चालवतो, इथपर्यंत झकास. घोळ असा की फक्त नाव ठरलेलं आहे, त्या नावाची फाइल शोधताना तो चालवणाऱ्याचाच पाथ व्हेरिएबल (कमांडच्या फाइली कुठल्या फोल्डरांत शोधायच्या त्याची यादी) वापरतो. मी माझ्या फोल्डरमध्ये 'एनव्हीएमई' नावाने काहीही ठेवलं आणि ते फोल्डर पाथमध्ये सगळ्यात पुढे टाकलं की संपलं, माझी फाइल रूट म्हणून चालली. १.४५.३ मध्ये दुरुस्त झालंय.

लॉगवाचक:
एलएस कमांडने एनडीसुडोच्या परवानग्या बघितल्या. मालकाच्या परवानग्यांत एक्सच्या जागी एस (तोच सेटयूआयडी बिट) आहे, ग्रुप नेटडेटा, इतरांना काहीच नाही. मग कुणीही नाही ना चालवू शकत?

जुनाअॅडमिन:
कुणीही नाही, पण त्या ग्रुपमध्ये कोण कोण आहे ते बघितलंत का? 'कॉन्फिग वाचता येत नाही' म्हणून कुणीतरी कधीतरी कुणाला तरी घुसडलेलं असतंच. शिवाय तुम्ही लिहिलेले कस्टम प्लगिनही नेटडेटा युजरनेच चालतात, त्यातल्या एकात भोक निघालं की तिथून रूट एक पाऊल. मॉनिटरिंगवाल्यांचं हे जुनंच दुखणं आहे, नागिओस कोअर या दुसऱ्या मॉनिटरिंग टूलमध्येही ४.२.४ च्या आधी लॉग फाइल रूट असतानाच उघडली जायची, तिच्या जागी सिमलिंक (दुसऱ्याच फाइलकडे नेणारा दुवा) ठेवून नागिओस युजर रूट होऊ शकायचा, ती भानगड २०१६ ची.

रात्रपाळी:
आज अपडेट जमत नसेल तर निदान एनडीसुडोवरचा एस बिट चमॉडने (परवानग्या बदलायची कमांड) काढा. डिस्कचे काही ग्राफ बंद पडतील, पडू देत.

लॉगवाचक:
ग्रुपमध्ये तीन जण निघाले, त्यातला एक तर कधीच सोडून गेलाय 🤦 बिट काढला, एनव्हीएमईचा ग्राफ गेला, बाकी सगळं चालू आहे. अपडेट आज रात्रीच टाकतोय.