जुन्या लेथचा चक निघत नाही, मदत हवी आहे

भोसरीतून भंगाराच्या भावात साडेचार फुटी बेल्टवरचा जुना लेथ घेतलाय. या कामात मी नवखा. बेडवरचा गंज डिझेल आणि स्टील वूलने बराच निघाला (एमरी पेपर मुद्दाम टाळला, त्याची पूड बेडवर सरकणाऱ्या सॅडलखाली गेली की बेड झिजतो). अडलंय ते फोर-जॉ चकपाशी (फिरवायची वस्तू पकडणारा चार जबड्यांचा भाग). तो ज्या फिरत्या दांड्यावर बसतो त्या स्पिंडलला साधे उजवे आटे आहेत, लॉक नाही. आट्यांत पेनिट्रेटिंग ऑइल रात्रभर मुरवलं, जॉमध्ये लांब सळई धरून उलटं ओढलं, तर स्पिंडलच फिरतो. बॅक गिअर (स्पिंडलचा वेग कमी करायचे गिअर) अडकवून जोर लावायचा नाही, बिडाचे दात तुटतात. गॅसने तापवणंही नको, बेअरिंग गनमेटलच्या बुशचे आहेत. मोटर थ्री-फेज, घरी सिंगल फेज, म्हणजे सगळं हातानेच. स्पिंडल आरपार पोकळ आहे. मागच्या टोकाला आतून काही ताणून बसवून तो धरता येईल का, की पुलीला पट्टा-पाना लावलेला बरा?