'क्रॅकर'ला खारी म्हणावं का?

प्रश्न : एका अमेरिकी लेखाचा अनुवाद करतेय. त्यात 'चीज अँड क्रॅकर्स' पानोपानी येतं. मी 'चीज आणि खारी' केलं, तर संपादक म्हणाले, खारी वेगळी. वर "फटाके तेवढे लिहू नका" असंही म्हणाले! काय लिहावं?

उत्तर : संपादकांचं बरोबर आहे. खारी पापुद्र्यांची, चहात बुडवली की लगेच मऊ पडते. क्रॅकर पातळ, सपाट नि कोरडा. मोनॅको हातात घेऊन बघा, त्यावरची भोकं शोभेची नाहीत. लाटलेलं पीठ भाजण्याआधी टोचतात, म्हणजे भट्टीत वाफेला वाट मिळते आणि ते पुरीसारखं फुगत नाही. 'खारं बिस्किट' चालेल.

उत्तर : 'खारं' सरसकट नको. जुना क्रॅकर म्हणजे बहुतेक पीठ नि पाणीच. तो जहाजावरच्या कडक बिस्किटाच्या घराण्यातला. 'बिस्किट' या शब्दाचं मूळच लॅटिनमधलं 'दोनदा भाजलेलं'. पाणी उडालं की ते महिनोन्‌महिने टिकतं, फक्त त्यात टोके होतात. १६७७च्या इंग्लिश आरमाराच्या शिध्यात माणशी रोज एक पौंड बिस्किट आणि एक गॅलन बिअर होती. मांस नसेल त्या दिवशी मासे, लोणी आणि इंग्लंडातल्या सफोक परगण्याचं चीज. म्हणजे ही जोडी पार्टीतली नव्हेच, दोन्ही न नासणारी म्हणून एकत्र आलेली. सफोकचं चीज मात्र कुप्रसिद्ध. साय लोण्यासाठी काढून घेतलेल्या दुधाचं ते, त्यामुळे दगडासारखं. खलाशांच्या तक्रारींना कंटाळून १७५८च्या सुमारास आरमारानं ते बंद केलं.

'क्रॅकर' हे नाव अमेरिकेत रुळलं. मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूबरीपोर्टला जॉन पिअर्सननं १७९२मध्ये पीठ-पाण्याचा 'पायलट ब्रेड' काढला, नंतर १८०१मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्याच मिल्टन गावात जोसाया बेंटनं 'वॉटर क्रॅकर'. बेंटचा एक घाणा करपला, तो कडकडला आणि त्यावरून नाव पडलं, असं सांगतात. गोष्ट छान आहे, पण शब्द त्याच्या आधीचा. पातळ कुरकुरीत बिस्किटासाठी तो १७३९मध्येच लिहिलेला सापडतो. आवाजावरून पडलं असावं, एवढं मात्र पटतं.

ब्रिटनमध्ये आजही 'चीज अँड बिस्किट्स' म्हणतात. तुमचा लेख अमेरिकी, तेव्हा 'क्रॅकर'च ठेवा.

प्रश्न : आणि 'चीज' की 'चीझ'? 'कष्टांचं चीज झालं'शी गल्लत नाही ना होणार?

उत्तर : छे, संदर्भानं कळतं. ते चीज आणि गवयाची चीज, दोन्ही फारसी 'चीझ' म्हणजे वस्तू, यातून आलेली. खाण्याच्या चीजशी त्यांचा काही संबंध नाही. गंमत म्हणजे इंग्रजीत 'द चीज' म्हणजे 'अस्सल माल' असा जुना बोलीतला वापर होता, आणि १८८६च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशानं त्याचं मूळ आपल्याकडच्या याच 'चीज'मध्ये शोधलंय.

उत्तर : एक राहिलंच. 'क्रॅकर्स' नको हो! इंग्रजी 'स' कशाला? तो क्रॅकर, ते चार क्रॅकर. डॉक्टर, मास्तर यांचं होतं तसंच. पहिल्या उल्लेखाला 'पातळ, कडक बिस्किट' एवढं जोडा, पुढे नुसतं 'चीज आणि क्रॅकर'.