फिरता फिरता सापडलेले कलाकार आणि गावाकडची कलादालनं : तुमचे अनुभव सांगा

भटकभवानी

परवा भाचीला घेऊन पुण्यात शिवाजीनगरवरून चालले होते. श्री शिवाजी प्रीपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातला महाराजांचा अश्वारूढ पुतळा बघून ती म्हणाली मावशी हा कोणी केला गं. माझ्या तोंडून पटकन निघालं, "सासवन्याच्या करमरकरांनी." तिला वाटलं आपल्या नात्यातलेच कोणीतरी असणार, कारण मी सांगितलंच तसं! घरी आल्यावर मग सगळं आठवत बसले.

मांडव्याला बोटीतून उतरून अलिबागला निघालो होतो, समुद्रावर लोळणे एवढाच कार्यक्रम. सासवन्यात करमरकर शिल्पालयाचा बोर्ड दिसला, नवरा म्हणाला पाच मिनिटं डोकावू. आवारात म्हैस. धाकट्याने जाऊन तिला गवत दाखवलं, आणि ती हलेना म्हटल्यावर भोकाड पसरलं. सिमेंटची म्हैस हो! मानेखालची सैल कातडी, पाठीची हाडं, सगळं इतकं खरं की मलाही हात लावून बघावासा वाटला. आत 'शंखध्वनी', 'मत्स्यगंधा', आणि घराच्या खोल्याखोल्यांतून माणसंच माणसं. कोळीण, शेतकरी, घरातली मंडळी. म्हणजे आपण कोणाकडे तरी पाहुणे आलोय आणि ते सगळे बोलता बोलता गप्प झालेत असं वाटतं.

तिथेच कळलं की विनायकराव म्हणजे नानासाहेब करमरकर (१८९१ ते १९६७) याच गावचे. लहानपणी देवळाच्या भिंतीवर त्यांनी शिवाजी महाराजांचं चित्र काढलं होतं, ते ऑटो रॉथफील्ड नावाच्या इंग्रज कलेक्टरने पाहिलं आणि पोराला मुंबईला जे.जे. कलाशाळेत पाठवायची सोय केली. पुण्याचा पुतळा १९२८चा. एवढा मोठा माणूस आणि आम्ही बोर्ड दिसला म्हणून गेलो. अलिबागला आधी कितीतरी वेळा जाऊन आलो असू!

तर असं वाटेत अचानक काही सापडलंय का तुम्हाला? मोठ्या शहरातल्या नावाजलेल्या गॅलऱ्या नकोत. छोटी गावं, तिथले कलाकार, कोणाच्या तरी ओसरीवरचं प्रदर्शन, काहीही चालेल.

चहाबाज

म्हशीला गवत 😂😂 आमच्या पोराने पण हेच केलं होतं. त्या म्हशीने किती पोरांना रडवलं असेल देव जाणे.

कोकणची पोर

सावंतवाडीचा राजवाडा!! गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते!! कोणी लिहायच्या आत लिहून टाकते. दरबार हॉलमधे कलाकार बसून रंगवत असतात, आपण बाजूला उभं राहून बघू शकतो. गोल पत्ते, दशावतारी संच १२० पत्त्यांचा, दहा अवतार आणि प्रत्येकाचे बारा. राजा, प्रधान आणि एक ते दहा. मी बघत होते तेव्हा एक ताई मत्स्यावताराचा राजा करत होत्या, ब्रश एवढा बारीक की टोक दिसतच नव्हतं, श्वास रोखून रेघ ओढायच्या आणि मग सोडायच्या. मी पण नकळत श्वास रोखून धरत होते, बहीण म्हणाली तुला काय झालंय

ही कला जवळजवळ संपलीच होती, शिवरामराजे आणि राणी सत्वशीलादेवींनी ७०च्या दशकात पुन्हा उभी केली. राणीसाहेब स्वतः शिकल्या आणि रंगवायच्या.

बाकी नंतर लिहिते कुकर लावलाय

तिरकस

पण ते खेळतात कसं? की नुसतं फ्रेम करून लावायचं?

कोकणची पोर

@तिरकस खेळतात की. म्हणजे खेळायचे. दिवसा खेळलं तर ज्याच्याकडे राम तो सुरुवात करणार आणि रात्री खेळलं तर कृष्णवाला. आणि पाच अवतारांत दश्शी मोठी तर उरलेल्या पाचांत एक्का मोठा, त्यामुळे लक्षात ठेवता ठेवता नाकी नऊ येतात. आम्ही आणलेला संच कपाटात आहे, खेळायची हिंमत नाही, पत्ता दुमडला तर जीव जाईल माझा.

निळूभाऊ

सावंतवाडीला गेलात आणि पिंगुळी नाही केलंत? कुडाळपासून हाकेच्या अंतरावर आहे. ठाकर समाजाची चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या. परशुराम गंगावणे यांनी घरच्या गुरांच्या गोठ्यात म्युझियम उभं केलंय, २०२१ला पद्मश्री मिळाली त्यांना. आम्ही गेलो तेव्हा पाऊस धो धो, लाईट गेलेले, बघायला आम्ही दोघंच. म्हटलं जाऊ द्या परत येऊ. तर नाही म्हणाले, बसा. आणि उजेडासाठी दार सताड उघडं ठेवून गोष्ट सुरू. चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात, एक प्रसंग संपला की पान उलटायचं, पुढचा प्रसंग हजर. रामायणातलाच भाग, पण मी असा ऐकलाच नव्हता. दोन माणसांसाठी पूर्ण ताकदीने गायले हो. आमच्याकडे संमेलनात पन्नास लोक कमी आले तर वक्ते तोंड पाडून बसतात.

अक्कामावशी

मला औंधबद्दल लिहायचंय. पुण्याचं नव्हे, सातारा जिल्ह्यातलं औंध. माहेर तिकडचंच आमचं, पण यमाईच्या दर्शनाला गेलो की डोंगरावरचं म्युझियम 'ते काय राजांचं जुनं सामान' म्हणून घरच्यांनी कधी दाखवलंच नाही. लग्नानंतर सासरच्या लोकांना घेऊन गेले तेव्हा पहिल्यांदा आत पाऊल टाकलं, आणि समोर रवि वर्म्याची सैरंध्री! छापील नाही, खरी. कॅलेंडरवर रवि वर्मा बघून मोठं झालेल्या बाईला ते रंग बघून काय होतं ते शब्दात नाही सांगता येत मला. सासूबाई तिच्यासमोरून हलेनात, "हिच्या चेहऱ्यावरची भीती बघ" म्हणत राहिल्या. पुढे एक दगडाचं लहानसं शिल्प होतं, आई आणि मूल. दीर म्हणाले हे अर्धवट राहिलंय वाटतं. ते हेन्री मूरचं निघालं!! जगातली मोठमोठी म्युझियमं ज्याची शिल्पं मिरवतात तो हेन्री मूर, आमच्या औंधात, यमाईच्या पायथ्या-माथ्याच्या मधे.

औंधचे राजे म्हणजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, चित्ररामायण काढलं त्यांनी, सूर्यनमस्काराचा प्रसारही त्यांचाच. म्युझियम १९३८चं. मला वाटतं तुम्ही आम्ही दिवाणखान्यात शोकेस सजवतो तशा हौसेने त्यांनी हे सगळं जमवलं, फक्त त्यांची नजर पक्की होती.

बरं आश्विनात जाणार असाल तर तिथला संगीत महोत्सव पण ऐका.

तिरकस

दीर काय म्हणाले मग हेन्री मूर कळल्यावर

अक्कामावशी

"तरीच!" 😄

सदानकदा प्रवासी

बीदर कोणी केलंय का. महाराष्ट्राच्या बाहेर आहे पण आम्हा उदगीर लातूरकडच्यांना शेजारचंच, रेल्वेने पण जाता येतं. बिदरीकाम बघायला म्हणून गेलोच नव्हतो, किल्ला बघायला गेलो आणि बाहेर एका गल्लीत ठकठक आवाज यायला लागला म्हणून वाकून बघितलं. जस्त आणि तांब्याचं ओतीव भांडं, त्यावर छिन्नीने खाचा पाडून चांदीची तार ठोकून बसवतात. तोपर्यंत भांडं राखाडीच असतं, चांदी आहे की नाही कळत सुद्धा नाही. मग शेवटी किल्ल्यातली माती आणि नवसागर पाण्यात कालवून ते गरम भांड्याला लावतात आणि बघता बघता जस्त काळंकुट्ट होतं, चांदी तशीच पांढरी राहते आणि सगळी नक्षी एकदम वर येते. माझी बायको ओरडलीच, कारागीर हसायला लागले, म्हणाले प्रत्येक जण इथेच ओरडतो. आणि माती कुठलीही चालत नाही, किल्ल्याच्या जुन्या भागातली लागते, ऊन पाऊस न लागलेली. जाणकार ती जिभेवर ठेवून पारखतात!! मला म्हणाले चाखणार का, मी चाखली. खारट लागली.

चहाबाज

घरी माती खाल्ली तर मार, बीदरला खाल्ली तर अनुभव 😂

मिरजकर

चित्र नाही पण आमची सतारमेकर गल्ली चालेल का? बाहेरगावचे लोक दवाखान्यासाठी मिरजेला येतात, नंबर लागेपर्यंत वेळ काढायला गल्लीतून फिरतात आणि थबकतातच. माळ्यावर वाळलेले भोपळे टांगलेले, पंढरपूर मंगळवेढ्याकडून येतात ते. माझ्या आत्याचे यजमान असेच आले होते, गुडघ्याच्या ऑपरेशनला, आणि जाताना तंबोरा घेऊन गेले. गाता एक ओळ येत नाही.

भटकभवानी

@मिरजकर चालेल काय, पळेल!

सुगरणबाई

आत्याच्या यजमानांचा गुडघा कसा आहे आता? आमच्या ह्यांचं पण करायचंय, मिरजेतच करावं म्हणतायत.

मिरजकर

@सुगरणबाई एकदम टकाटक, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

रंकाळ्याचा राजा

कोल्हापूर लहान गाव नाय हे आधीच सांगतो, नायतर भांडण. पण राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांचं कलादालन हाय, तेच आपले पिच्चरवाले चंद्रकांत. लई लोकांना म्हाईतच नाय की हा माणूस चित्रकार पण होता. पावडर शेडिंगची चित्रं बघा तिथली, जवळनं बघितलं तर धूर, लांबनं बघितलं तर झाडं. राहतं घर देऊन टाकलं त्यांनी सरकारला म्युझियमसाठी. अंबाबाई, रंकाळा, तांबडा पांढरा एवढंच करून परत जाता राव तुमी लोक.

वऱ्हाडी ठेचा

आमच्याइकडे अशी नाववाली गॅलरी नाही पण एक किस्सा सांगतो. यष्टी बंद पडली, तालुक्याच्या गावाला. दुसरी गाडी येईपर्यंत बसायचं कुठं तं समोर शाळा होती. शिपायानं पाणी देलं आणि म्हणे आमच्या ड्रॉइंग सरांचा हॉल पाहाचा का. हॉल कायचा, वर्गखोली. पण भिंतीवर छतापर्यंत पेन्सिलीतली पोर्ट्रेट्स. गावातली माणसं सगळी. न्हावी, पोस्टमन, मंदिरातला पुजारी, दारू पिऊन पडणारा एक जण बी होता आणि त्याचा चेहरा सगळ्यात भारी काढेल होता. सर रिटायर झाले तरी रोज येऊन बसतात म्हणे. मी विचारलं सर नागपूरला प्रदर्शन लावा ना, तं म्हणे "तिथं ह्यांना कोण ओळखते? इथं पोरं येतात आणि म्हणतात हे माहे आजोबा." मंग मी काही बोललोच नाही. गाडी आली तरी उठू वाटत नव्हतं.

कोकणची पोर

@वऱ्हाडी ठेचा बाप रे काटा आला. गावाचं नाव?

वऱ्हाडी ठेचा

नाही सांगत, सर लाजाळू हायेत. यष्टी बंद पडली की सापडेल आपोआप.

निर्मळ मन

डहाणूकडे गंजाडला गेलो होतो वारलीसाठी. जिव्या सोमा म्हसे यांचं गाव. ते २०१८मध्ये गेले, २०११ला पद्मश्री मिळाली होती. आधी हे चित्र म्हणजे लग्नातला चौक, घरातल्या बायकांनीच भिंतीवर काढायचा, लग्न झालं की संपलं. ७०च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी तिकडे गेले, त्यांनी म्हसे यांची चित्रं पाहिली आणि मग कागदावर, परदेशात सगळीकडे गेली. मी ज्या घरी बसलो तिथे एक मुलगा गेरूने सारवलेल्या कापडावर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग लावत होता, बांबूची काडी चावून टोक मऊ केलेली. तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्यावरच्या नाचाचा गोल काढताना तो आतून सुरुवात करून बाहेर बाहेर गेला आणि माणसं कुठेच एकमेकांत अडकली नाहीत. आणि माझ्या ऑफिसच्या कॅन्टीनमधे वारलीचा वॉलपेपर आहे, त्यात तारपा वाजवणाऱ्याचं डोकं जोडावर कापलं गेलंय. रोज जेवताना तेच दिसतं.

फक्त एक खटकलं. आमच्याबरोबरचे एक काका "होलसेलमधे द्या" म्हणून घासाघीस करत बसले. भाजी घेताय का?

तिरकस

@निर्मळ मन थोडी घासाघीस चालते की, विकणारा पण धरूनच सांगतो. आणि सगळ्यांचं बजेट सारखं नसतं.

निर्मळ मन

बजेट नसेल तर छोटं चित्र घ्यावं. नाहीतर नुसतं बघून या, ते काही हाकलत नाहीत. पण त्याने आठवडाभर घालवलेल्या चित्राला "एवढ्याशा रेघांचे एवढे?" नका विचारू.

तिरकस

बरं. पटलं. थोडंसं.

अक्कामावशी

माझं एक ऐका, विकत घेतलं की मागे चित्रकाराची सही आणि गावाचं नाव लिहून घ्या. दहा वर्षांनी पोरं विचारतात आणि आपल्याला आठवत नाही.

सदानकदा प्रवासी

जाता जाता अजून एक, देवरुखला लक्ष्मीबाई पित्रे कलासंग्रहालय आहे. मार्लेश्वरला जाणारे नुसते चहा प्यायला थांबतात देवरुखात. थांबताच आहात तर बघून घ्या. आणि धाराशिवकडे तेरला लामतुरे यांच्या संग्रहातून झालेलं म्युझियम आहे, सातवाहन काळातल्या मातीच्या बाहुल्या, काय एकेक केशरचना आहेत! ब्युटी पार्लरवाल्या भाचीला घेऊन गेलो होतो, ती फोटोच काढत सुटली.

भटकभवानी

अरे काय काय लिहिलंय सगळ्यांनी, मी भाजी निवडता निवडता वाचतेय आणि मेथीच्या काड्याच पातेल्यात टाकल्या. पहिला नंबर गंजाडचा लावतेय. @निर्मळ मन कधी जावं? पावसात?

निर्मळ मन

पावसात भातलावणी, लोक शेतावर असतात, कोणाला वेळ नसतो. दिवाळीनंतर जा. आधी निरोप पाठवा, अचानक दहा जण उभे राहू नका.

सुगरणबाई

डहाणूला जाताय तर घोलवडचे चिकू आणा

चहाबाज

आला, चिकू आला. धागा संपला.

सुगरणबाई

संपला काय, चिकूची बर्फी कशी करतात ते माहितीये का तुम्हाला? वेगळा धागा काढू का?

भटकभवानी

काढा काढा. आणि गुडघ्याचं पण तिथेच लिहा 😀